खाऱ्या वाऱ्यातला स्वेटर

मुंबईकराला स्वेटर हवा तरी कशाला, असे कोणी म्हटले तर आपण हसून मान डोलावतो. पण एकदा मनातल्या मनात घरातले स्वेटर मोजून पाहा. आमच्या दोघांच्या घरात ते अकरा निघाले! एक महाबळेश्वरच्या सहलीसाठी घाईघाईने घेतलेला, दोन काश्मीरला जाताना खरेदी केलेले, एक ह्यांना निवृत्तीच्या दिवशी भेट मिळालेला, तीन नणंदबाईंनी हौसेने विणून पाठवलेले, आणि उरलेले कुठून आले ते देव जाणे. वर्षातून ते घालायचे दिवस मोजाल तर जेमतेम पंधरा. म्हणजे आपल्याकडे स्वेटर हा पंधरा दिवस घालायचा आणि साडेतीनशे दिवस सांभाळायचा कपडा आहे!

आणि आम्हांला तो सांभाळायचा होता मढला. ज्यांनी मढ पाहिले नसेल त्यांच्यासाठी सांगते. मालाडहून मार्वेच्या रस्त्याने यावे, नाहीतर वर्सोव्याच्या धक्क्यावरून होडीत बसून पाच-दहा मिनिटांत खाडी ओलांडावी. एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला अरबी समुद्र, मध्ये कोळीवाडा, नारळाची झाडे आणि आमच्यासारखी चार-दोन बिऱ्हाडे. टोकाला पोर्तुगीजांनी बांधलेला आणि मराठ्यांनी १७३९ साली घेतलेला किल्ला. ज्या हवेने त्या किल्ल्याचे दगड झिजवले, तिच्यापुढे आमच्या कपाटाच्या बिजागऱ्यांचा काय पाड? इथे मीठ ओले होते, काड्यापेटी पेटत नाही, आणि पावसाळ्यात चामड्याच्या चपलेवर रात्रीतून हिरवी लव उगवते. अशा गावात अकरा स्वेटर!

आता तुम्ही म्हणाल, मग द्या की टाकून. दहा दिलेही असते. पण अकराव्याची गोष्ट निराळी आहे.

छोटा हिरवा स्वेटर

१९६२ साल हे आमच्या घरात दोन कारणांनी लक्षात राहिले आहे. त्या वर्षी २२ जानेवारीला सांताक्रूझच्या वेधशाळेत पारा ७.४ अंशांवर उतरला. मुंबईत त्याहून कमी तापमान त्यानंतर कधी नोंदले गेलेले नाही. त्याच आठवड्यात गिरगावातल्या चाळीत ह्यांचा जन्म झाला. सासूबाई सांगत, ‘बाळंतिणीच्या खोलीत शेगडी आणि चाळीतल्या सगळ्यांच्या अंगावर घोंगड्या, असा आमचा बाळ आला!’

दुसरे कारण त्याच वर्षीच्या दिवाळीचे. सण आठवड्यावर आला असताना, २० ऑक्टोबरला, हिमालयात चीनशी युद्ध पेटले. आपले जवान हाडे गोठवणाऱ्या थंडीत अपुऱ्या कपड्यांनिशी उभे आहेत, हे ऐकल्यावर देशभरच्या बायकांनी हातात सुया घेतल्या. कोणी दागिने दिले, कोणी स्वेटर, मोजे, कानटोप्या विणल्या. चाळीच्या गॅलरीत दुपारी फराळाच्या गप्पांऐवजी टाक्यांचे हिशेब सुरू झाले. सासूबाईंनी जवानासाठी एक पुऱ्या बाह्यांचा हिरवा स्वेटर विणून दिला. लोकर थोडी उरली. त्या उरलेल्या लोकरीतून त्यांनी आपल्या नऊ महिन्यांच्या बाळासाठी बिनबाह्यांचा एवढासा स्वेटर विणला. त्या म्हणत, ‘मोठा कुठे गेला, कोणी घातला, परत आला की नाही, काही कळलं नाही. म्हणून हा धाकटा जपायचा.’

तो स्वेटर ह्यांनी घातला. तीस वर्षांनी आमच्या मुलाने घातला. सासूबाई होत्या तोवर त्या दर महिन्याला ट्रंक उघडत, स्वेटर झटकत, उलट्या घडीने परत ठेवत. मला तो म्हाताऱ्या माणसाचा चाळा वाटे. तीन वर्षांपूर्वी त्या गेल्या आणि ट्रंकेची किल्ली माझ्याकडे आली.

यंदा आषाढात आम्हांला नातू झाला. सूनबाई बाळाला घेऊन पुण्याहून पहिल्या दिवाळीला मढला येणार, हे ठरले. दसरा झाला, पाऊस सरला आणि मी मोठ्या उत्साहाने माळ्यावरची ट्रंक खाली उतरवली. धाकटा हिरवा स्वेटर उलगडला, उजेडात धरला, आणि छातीवरच्या पाच भोकांतून मला पलीकडची खिडकी दिसली.

कसर म्हणजे कोण?

कसर लागली, असे आपण म्हणतो. पण ही कसर कोण, कुठली, हे किती जणींनी पाहिलेले असते? मीही पाहिले नव्हते. तेव्हापासून मात्र मी तिचा चांगलाच अभ्यास केला आहे.

लोकर खाणारे मुख्य प्राणी दोन. एक लहानसे पाखरू आणि दुसरा तिळाएवढा ठिपकेदार भुंगा. पाखरू असते वाळलेल्या गवताच्या रंगाचे, जेमतेम सात-आठ मिलिमीटर लांब. गंमत अशी, की हे पाखरू स्वतः काहीच खात नाही. खाते ती त्याची अळी. मादी लोकरीच्या वळचणीला चाळीस-पन्नास अंडी घालते, आठवड्याभरात अळ्या बाहेर पडतात आणि अंधारात निवांतपणे जेवू लागतात. लोकर, केस, पिसे, रेशीम ह्यांतली प्रथिने तिला पचतात. ही ताकद फार थोड्या जिवांना असते.

दुसरी गंमत. रात्री दिव्याभोवती जी पाखरे घिरट्या घालतात, ती ही नव्हेत. लोकरीच्या पाखराला उजेड अजिबात आवडत नाही. कपाट उघडताच जे पाखरू उजेडाकडे न येता घडीत पळून जाते, त्याच्यावर संशय घ्यावा.

आणि तिसरी गोष्ट तर माझ्याच वर्मावर बसणारी होती. नुसती स्वच्छ लोकर अळीला पुरत नाही. घाम, दूध, आमटीचा थेंब, तेलाचा हात असे काही लागलेले असले, की तिला त्यातून क्षार आणि जीवनसत्त्वे मिळतात आणि ती तिथेच ठाण मांडते. गेल्या जानेवारीत भाची आपल्या वर्षाच्या मुलीला घेऊन एरंगळच्या जत्रेला आली होती. पहाटे होडीत गार वारा होता, म्हणून मी हौसेने तो हिरवा स्वेटर छोकरीला घातला. तिने त्यावर दूध सांडले. संध्याकाळी मी ओल्या फडक्याने पुसले आणि ‘एकदाच तर घातलाय, धुवायचा कशाला’ म्हणून घडी करून ट्रंकेत टाकला. पाचही भोके त्याच दुधाच्या डागाभोवती होती. दोष ना ट्रंकेचा, ना मढच्या हवेचा. दोष माझा.

तेव्हा पहिला नियम हा: एकदाच घातला असला तरी स्वेटर धुतल्याशिवाय वर्षासाठी ठेवायचा नाही.

धुवावा कसा?

लोकरीला तीन गोष्टींचा राग आहे. कढत पाणी, सोडा आणि पिळणे. लोकरीच्या केसावर माशाच्या खवल्यांसारखे बारीक खवले असतात. गरम पाण्यात घालून चोळले, की ते एकमेकांत अडकतात आणि मोठ्यांचा स्वेटर बाहुलीचा होऊन बाहेर येतो.

आमच्याकडे रिठ्यांची पद्धत आहे आणि अजून तिला तोड नाही. मूठभर रिठे फोडून बिया काढाव्यात, साली रात्रभर पाण्यात भिजवाव्यात, सकाळी कुस्करून गाळून घ्याव्यात. त्या पाण्याचा फेस गार किंवा अगदी कोमट पाण्यात करून स्वेटर दहा मिनिटे बुडवावा आणि हलक्या हाताने दाबावा. चोळू नये. दोन-तीन पाण्यांतून काढावा. मग जाड टॉवेलवर पसरून टॉवेलसकट गुंडाळी करावी आणि वरून दाबावे, म्हणजे पाणी टॉवेल पितो. शेवटी खाटेवर चादर घालून आडवा वाळवावा. दोरीवर टांगलात तर पाण्याच्या वजनाने लांबतो, आणि ह्यांचा स्वेटर शेजारच्या उंच काकांना द्यावा लागतो!

बोंबलांची शिकवण

धुणे सोपे. मढला खरी परीक्षा वाळवण्याची. लोकर आपल्या वजनाच्या सुमारे तिसऱ्या हिश्शाइतकी वाफ हवेतून शोषून घेते आणि तरी हाताला ओली लागत नाही! म्हणूनच ती थंडीत उबदार असते आणि म्हणूनच समुद्रकाठी दगा देते. मुंबईच्या पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो आणि हवेतली आर्द्रता ऐंशी टक्क्यांच्या वर दिवसच्या दिवस राहते. बुरशीला पासष्ट-सत्तर टक्केही पुरतात. तेव्हा हाताला कोरडा वाटणारा स्वेटर बंद डब्यात घातला, तर आपण बुरशीची तरतूद करून ठेवली असे समजावे.

हे मला शिकवले ते शेजारच्या कोळीणमावशींनी. पावसाळा संपला, की आमच्या घरामागे बांबू रोवून दोऱ्या ताणल्या जातात आणि तोंडात तोंड अडकवून जोडीजोडीने बोंबील टांगले जातात. हजारो बोंबील वाऱ्यावर हलतात. मी स्वेटर अंगणात घेऊन बसले होते. मावशी जवळ आल्या, त्यांनी भोके पाहिली, चुचकारले आणि म्हणाल्या, ‘बाय, वाळलं कधी म्हणायचं ठाव हाय का? वरून हात लावून नाय कळत. बोंबील मोडून बघायचा. कट्कन् मोडला तर वाळला. नुसता वाकला तर आत पाणी हाय, त्याला किडा लागणारच.’

स्वेटर काही मोडून पाहता येत नाही. पण मावशींचे तत्त्व मला पटले. वरचे कोरडेपण खरे नव्हे, आतले खरे. तेव्हापासून मी धुतलेला स्वेटर एका दिवसात कधीच आत ठेवत नाही. वाळल्यावर आणखी दोन दिवस त्याला वारा देते. बगला, गळपट्टी आणि कंबरेची दुहेरी वीण गालाला लावून पाहते. हातापेक्षा गालाला गारवा लवकर कळतो.

मावशींनी वेळेचेही गणित सांगितले. दिवाळीपासून पुढे सकाळी जमिनीकडून येणारा वारा असतो, तो कोरडा. दुपारच्या सुमारास वारा फिरतो आणि समुद्रावरून येऊ लागतो, तो ओला आणि खारा. म्हणून त्यांचे लक्ष सकाळवर. तुम्हीही लोकरीचे कपडे नऊ ते बारा ह्या वेळात बाहेर काढा. रंगीत लोकर सारा दिवस उन्हात टाकली तर विटते. तासभर ऊन देऊन, उलटून, शिवणींवरून मऊ ब्रश फिरवावा. अंडी आणि अळ्या झडतात, उरलेल्या उजेडाला भिऊन पळतात. मग सावलीत वारा द्यावा आणि कपडा पुरता निवल्यावरच घडी करावी. एवढे मात्र करा, बोंबलांच्या दोरीशेजारी स्वेटर टाकू नका. लोकर वास धरून ठेवते, आणि त्या वासाचा स्वेटर घालून दादरच्या लग्नाला गेलात तर तुमचे गाव सांगावे लागणार नाही!

डांबरगोळीचे काय?

भोके पाहून हे तडक बाजारात गेले आणि डांबरगोळ्यांची दोन पाकिटे घेऊन आले. ‘आता बघतो कशी कसर लागते ते!’ म्हणून ट्रंकेत मूठ रिकामी करणार, तोच सूनबाईचा फोन आला. बोलता बोलता मी सांगितले. ती क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, ‘आई, राग मानू नका, पण बाळाचे कपडे डांबरगोळ्यांत ठेवू नका हं. आमच्या डॉक्टरांनी बजावून सांगितलंय.’

खरे सांगते, मला राग आला. आमच्या चार पिढ्यांची बाळे ह्याच वासात वाढली, असे ओठावर आले होते. पण तिने नीट समजावून सांगितले आणि मी मुकाट्याने ऐकले. बरे झाले ऐकले.

डांबरगोळी म्हणजे नॅप्थॅलिन. दगडी कोळशाच्या डांबरातून निघते, म्हणून हे नाव. ती न वितळता हवेत उडून जाते आणि तिची वाफ किड्यांना मारते. ती वाफ कपड्यात मुरते, श्वासातून आणि कातडीतूनही अंगात जाते. मोठ्यांना सहसा थोड्याने काही होत नाही. पण काही बाळांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी नावाचे एक द्रव्य जन्मतःच कमी असते, मुलग्यांत अधिक. अशा बाळाला ही वाफ लागली तर तांबड्या पेशी भराभर फुटतात आणि तीव्र कावीळ होते. १९६३ साली ग्रीसमधल्या डॉक्टरांनी अशा २१ नवजात बाळांची हकीकत प्रसिद्ध केली. ती आजारी पडली ती डांबरगोळ्यांच्या वाफेमुळेच, आणि त्यांतली काही दगावली. युरोपीय संघाने २००८ साली ह्या गोळ्यांवर बंदीच घातली. आपल्याकडे मात्र त्या अजून सर्रास मिळतात.

आता नीट विचार करा. आपल्याकडे बाळाला तेल लावून अंग चोळतात, आणि तेलकट कातडीतून ही वाफ अधिक सहज आत शिरते. वर वर्षभर गोळ्यांत मुरलेले दुपटे आणि स्वेटर! बाळाला हे द्रव्य कमी आहे की नाही, हे तपासल्याशिवाय कोणाला कळणार?

म्हणून बाळाच्या कपड्यांत आणि बाळाच्या खोलीतल्या कपाटात डांबरगोळी नको म्हणजे नको. रांगते मूल ती पेपरमिंट समजून तोंडात घालते, हा धोका निराळाच. आधीच गोळ्यांत ठेवलेले कपडे असतील तर ते धुऊन, कित्येक दिवस वारा देऊन, वास पुरता गेल्यावरच वापरावेत. आणि बाळ पिवळे किंवा पांढुरके दिसले, लघवी गडद झाली, तर घरगुती उपाय करत बसू नये. तडक डॉक्टरांकडे जावे आणि घरात डांबरगोळ्या होत्या हे त्यांना आपणहून सांगावे.

ह्यांनी दोन्ही पाकिटे परत नेली. दुकानदाराने पैसे दिले नाहीत, पण त्याची खंत नाही.

मग कडुनिंबाचा पाला, वेखंड, कापूर? पाला वाळलेला असेल तर घालावा, वेखंडाचा तुकडा पुरचुंडीत बांधून ठेवावा, वास चांगला येतो. पण ह्यांच्यावर विसंबून झोपू नये. वासाने पाखरू थोडेफार बिचकते, आत आधीच बसलेली अळी नाही. कापूरही लहान मुलांच्या हाती लागू देऊ नये, तो पोटात गेला तर विषच. खरी राखण वासाची नाही. स्वच्छ कपडा, घट्ट झाकण आणि आपली नजर ह्या तिघांची आहे.

फ्रीझरमधला स्वेटर

भोके पडलेल्या स्वेटरात अजून अंडी असतील, ही धास्ती होती. त्यावर एक नवा उपाय कळला. वस्तुसंग्रहालयांतून जुनी वस्त्रे कसरीपासून वाचवण्यासाठी थंडीचा वापर करतात. घरच्या चांगल्या फ्रीझरमध्ये उणे १८ अंश थंडी असेल तर तेही साधते. कपडा पुरता कोरडा करून प्लॅस्टिकच्या पिशवीत घालायचा, हवा दाबून काढून तोंड घट्ट बंद करायचे आणि दोन आठवडे ठेवायचा. बाहेर काढल्यावर पिशवी चोवीस तास उघडायची नाही. घाईने उघडाल तर गार लोकरीवर दव जमेल. बंद पिशवीत दव बाहेरच्या बाजूला जमते.

मढच्या घरातला फ्रीझर म्हणजे पापलेटांचे माहेर. तेव्हा मी दुहेरी पिशवी वापरली आणि मासे दोन आठवड्यांसाठी मावशींकडे धाडले. पंधराव्या दिवशी स्वेटर परत आला, मासे मात्र आले नाहीत!

कपाटातली मांडणी

आता उरलेल्या दहांची आणि तुमच्या घरातल्यांची व्यवस्था सांगते.

आधी वाटणी करावी. सगळेच स्वेटर लोकरीचे नसतात. पूर्वीचे कॅशमिलॉन आणि आजचे बरेचसे बाजारी स्वेटर कृत्रिम धाग्याचे असतात. ओळखायचे असेल तर शिवणीतला एक धागा काढून चिमट्यात धरून जाळावा. केस जळल्यासारखा वास आला आणि राख चुरली गेली तर लोकर. वितळून कठीण मणी झाला तर कृत्रिम. कृत्रिम धागा अळीच्या पोटाला उपयोगाचा नाही, तेव्हा असे स्वेटर धुऊन कुठल्याही खणात ठेवावेत आणि घट्ट डब्यांची जागा खऱ्या लोकरीला द्यावी. अकरांपैकी आमचे सहा असे निघाले. निम्मी काळजी तिथेच मिटली!

जागा कोणती? समुद्राकडच्या, म्हणजे पावसाचा मारा बसणाऱ्या पश्चिमेच्या भिंतीला कपाट लावू नये. लावावेच लागले तर मागे चार बोटे जागा सोडावी. सर्वांत खालचा खण जमिनीची ओल ओढतो आणि माळा नजरेआड जातो. मधला खण उत्तम. किंमत डोळ्यांसमोर असण्याला आहे.

लोखंडी कपाट असेल तर खणात जुन्या धुतलेल्या धोतराचे किंवा सुती साडीचे अस्तर घालावे, म्हणजे गंजाचा डाग लोकरीला लागत नाही. टाचण्या, सेफ्टी पिना काढून टाकाव्यात. वर्तमानपत्राचा कागद फिक्या रंगाच्या स्वेटराखाली घालू नये, शाई उतरते.

स्वेटर हँगरला टांगू नये. विणलेला कपडा आपल्याच भाराने ओघळतो आणि खांद्यांना शिंगे फुटतात. पालथा घालून बाह्या पाठीवर आडव्या घ्याव्यात आणि खालून वर तीन घड्या घालाव्यात. जड खाली, हलके वर. एका डब्यात चार-पाचांहून अधिक कोंबू नयेत. घट्ट झाकणाचा डबा किंवा चेनची पिशवी चालेल, मात्र कपडा पुरता कोरडा असला तरच. बुटांच्या आणि औषधांच्या खोक्यांतून ओल शोषणाऱ्या दाण्यांच्या पुड्या येतात, त्या फेकू नयेत. न फोडता दोन-तीन पुड्या डब्यात टाकाव्यात, मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशा.

डब्यावर कापडाची पट्टी शिवून त्यावर यादी लिहावी: कोणाचा, कुठला, कधी धुतला. नाहीतर प्रवासाच्या आदल्या रात्री एका स्वेटरासाठी पाच डबे उपसले जातात आणि पुन्हा कोंबले जातात ते घडी न घालता.

आणि शेवटी सासूबाईंचा ‘चाळा’. महिन्यातून एकदा, पावसाळ्यात उघडीप मिळेल तेव्हा, डबा उघडावा, स्वेटर झटकावा, घडी बदलावी. तो चाळा नव्हता, हे मला आता कळते. ह्या दमट, उबदार हवेत कसरीची एक पिढी दीड-दोन महिन्यांत उभी राहते. दर महिन्याला जो झटकतो, तो तिला संसार मांडूच देत नाही. सासूबाईंनी पुस्तकात वाचले नव्हते. त्या एवढेच म्हणत, ‘वस्तूला वाटलं पाहिजे की आपल्याला कोणी विसरलं नाही.’

गुंडा

भोके बुजवायची तर तीच लोकर हवी. साठ वर्षांपूर्वीची ती हिरवी लोकर आता कुठल्या बाजारात मिळणार? मी निराश होऊन ट्रंक पुसत होते. तळाशी अॅल्युमिनियमचा एक घट्ट झाकणाचा डबा सापडला. नारळीपाकाच्या वड्या ठेवायचा असतो तसा. झाकण निघता निघेना. ह्यांनी फडके गुंडाळून जोर लावला तेव्हा उघडले.

आत पांढऱ्या मलमलीत गुंडाळलेले लोकरीचे लहान-लहान गुंडे होते. घरात विणलेल्या प्रत्येक स्वेटराचा एकेक. आणि सर्वांत खाली लिंबाएवढा हिरवा गुंडा. वेखंडाचा तुकडा केव्हाच निर्गंध झालेला, पण लोकरीला कुठे एक भोक नाही. त्याच ट्रंकेत, त्याच हवेत, स्वेटराला कसर लागली आणि गुंड्याला नाही! कारण तो कधी अंगावर चढला नव्हता, मळला नव्हता, कोरडा होता आणि घट्ट झाकला होता. एवढा लेख लिहून मी जे सांगितले, ते सासूबाईंनी एका डब्यात दाखवून ठेवले होते.

मला विणकाम बेताचेच येते. नणंदबाईंना बोलावून घेतले. त्यांनी बारीक सुईने कडेचे टाके उचलले आणि विणीवर वीण चढवत पाचही भोके दोन दुपारींत भरून काढली. जुना स्वेटर उन्हापाण्याने थोडा फिका झालेला, गुंड्याची लोकर मात्र १९६२ च्या दिवाळीतली तशीच गडद. त्यामुळे पाच गडद ठिपके दिसतात. मी म्हटले, ‘वन्सं, कळून येतंय हो.’ त्या म्हणाल्या, ‘येऊ दे. आईच्या हातची लोकर आहे, कळून आलेलीच बरी.’

धनत्रयोदशीला सूनबाई बाळाला घेऊन आली. येताच तिने स्वेटर नाकाशी धरला आणि रिठ्यांखेरीज कसलाच वास नाही, हे पाहून हसली. बाळाला तो अजून ढगळ होतो, पुढच्या हिवाळ्यात नेमका बसेल. ह्यांनी मात्र राहवेना म्हणून पाडव्याच्या पहाटे त्याला तो घातलाच, आणि अंगणात घेऊन गेले. पलीकडे बोंबील वाऱ्यावर डुलत होते. मावशींनी लांबूनच विचारले, ‘नीट वाळवला हाय ना गो बाय?’

उन्हे वर आल्यावर मी तो काढला, आणि ह्या खेपेस मात्र धुऊनच ठेवला.

दिवाळीच्या आवराआवरीत तुमच्याही घरात एखादी ट्रंक उघडली जाईल. आतला एखादा स्वेटर अंगाला होत नसेल, फॅशनचा नसेल, पण कोणाच्या तरी हातचा असेल. त्याला एक सकाळ द्या. फराळाच्या डब्यांपैकी एक घासून, वाळवून त्याच्यासाठी बाजूला ठेवा. आणि उरलेल्या लोकरीचा गुंडा सापडला तर तो फेकू नका.